चेट बेकरच्या साथीला म्हणे ‘स्थानिक वादक’ होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक चेट बेकरवर अख्खं पान आलं त्याबद्दल आधी थँक्यू. मराठी पेपरात जॅझवर पानभर मजकूर म्हणजे कपिलाषष्ठीचा योगच, त्यामुळे पान उघडल्या उघडल्या जो आनंद झाला तो वाचून संपेपर्यंत बराचसा उतरला. लेखात काय होतं तर देखणा चेहरा, हेरॉइन, तुरुंग, पडलेले दात आणि शेवटी ॲमस्टरडॅमच्या हॉटेलची खिडकी. यातलं काहीही खोटं नाही. पण माणूस ट्रम्पेट वाजवत होता हो! त्या वाजवण्यावर मोजून दोन परिच्छेद, आणि युरोपातल्या सगळ्या कामाचा निकाल एका वाक्यात, की ‘तिथे त्याने स्थानिक वादकांना साथीला घेऊन पोटापुरती रेकॉर्डिंग्ज केली’. या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त नावं कापू नका.

लेखकमहाशयांना मी एकच विचारतो, १९६२च्या जानेवारीत रोममध्ये आरसीए इटालियाना या रेकॉर्ड कंपनीसाठी जो ‘चेट इज बॅक’ नावाचा अल्बम रेकॉर्ड झाला तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकलाय का? ऐकला असता तर ते वाक्य त्यांच्या हातून लिहिलं गेलं नसतं असं माझं प्रामाणिक मत आहे. कारण त्या अल्बमवर जी पाच माणसं आहेत त्यांना ‘स्थानिक’ म्हणायचं तर मग बेकरच तिथे पाहुणा होता, आणि पाहुण्यासाठी एवढी तयार पंगत क्वचित मांडलेली असते.

आता नावं घेतो. टेनर सॅक्सोफोन आणि बासरीवर बॉबी जास्पार, गिटारवर रने तोमा, डबल बासवर बेन्वा केर्सें, हे तिघंही बेल्जियन. ड्रम्सवर दानिएल युमेर, स्वित्झर्लंडचा, तेव्हा २३ वर्षांचा पोरगा. पियानोवर आमेदेओ तोम्मासी. म्हणजे रोमच्या स्टुडिओत इटालियन माणूस एकच. आता सांगा यातलं स्थानिक कोण?

जास्पारपासूनच सुरू करू, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. जन्म १९२६चा, बेल्जियममधल्या लिएजचा, शिक्षण केमिस्ट्रीचं. १९५०च्या सुमारास पॅरिसला आला, तिथल्या क्लबांमधे नाव काढलं, आणि १९५६ मध्ये सरळ न्यूयॉर्क गाठलं. तिथे ट्रॉम्बोनवाल्या जे. जे. जॉन्सनच्या क्विंटेटमधे, म्हणजे पाच जणांच्या बँडमधे, वाजवलं, १९५७ मध्ये थोडे दिवस का होईना पण ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसच्या बँडमधे होता, पियानिस्ट विंटन केलीच्या १९५९च्या रेकॉर्डवर त्याची बासरी आहे. न्यूयॉर्कमधे त्या काळात बाहेरून येऊन असं काम मिळवणं म्हणजे काय चीज आहे हे वेगळं सांगायला नको, तिथे गल्लोगल्ली सॅक्सोफोनवाले होते आणि सगळेच्या सगळे भारी. त्यातून हा माणूस युरोपात परत येतो, बेकरच्या शेजारी उभा राहून वाजवतो आणि आपल्या लेखात तो ‘साथीला’. रोमच्या रेकॉर्डिंगनंतर जेमतेम वर्षभराने, फेब्रुवारी १९६३ मध्ये, तो न्यूयॉर्कमधे वारला, वय ३७. (आणि हो, ड्रग्जचा विळखा त्यालाही होता. पण तो बेकरएवढा देखणा नव्हता म्हणून त्याच्यावर कुणी पानं लिहीत नसावं, असा आपला माझा एक खवचट अंदाज.)

रने तोमाही लिएजचाच. सुरुवातीला जुन्या पिढीतला गिटारिस्ट जँगो राइनहार्टच्या वाटेने जाणारा, मग अमेरिकन गिटारिस्ट जिमी रेनी ऐकून आधुनिक वादनाकडे वळलेला. १९५८ मध्ये सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सने न्यूयॉर्कमधे मोठ्या ब्रास बँडसोबत जे रेकॉर्डिंग केलं त्यात गिटारवर हाच बेल्जियन आहे. रॉलिन्स त्या काळात स्वतःच्या बँडमधून माणसं पटापट बदलायचा, त्याला कोणी सहजी पसंत पडायचं नाही, आणि अशा माणसाने याला घेतलं. तोमाचं वाजवणं ऐकलं की कळतं का घेतलं ते. त्याच्या ओळी लांबच लांब असतात, मधे श्वास घेतोय असं वाटतच नाही, आणि तरी कुठे बोटांची कसरत दाखवतोय असं होत नाही, स्वर थोडा कोरडा, गोडवा लावायचा नाद नाही.

केर्सेंचं तर आयुष्यच वेगळ्या लेखाचा विषय आहे, हा बासवाला पुढे काँगोत जाऊन तिथलं लोकसंगीत रेकॉर्ड करणारा अभ्यासक झाला. आणि युमेर पुढे युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या ड्रमरांपैकी एक, शिवाय चित्रकार. तोम्मासी नंतर सिनेमासंगीताकडे गेला. म्हणजे यातला एकही माणूस असा नाही की ज्याला ‘आणि इतर’ मधे ढकलावं.

अजून एक गोष्ट, जी माझ्या मते कळीची आहे. ही माणसं बेकरसाठी फोनाफोनी करून गोळा केलेली नव्हती. जास्पार, तोमा, केर्सें आणि युमेर हे त्या दिवसांत एकत्रच वाजवत होते, १९६२च्या जानेवारीतच लंडनला रॉनी स्कॉटच्या क्लबात त्यांनी जे वाजवलं त्याची रेकॉर्डिंग्ज नंतर बाहेर आली आहेत, ज्याला शंका असेल त्याने ती ऐकावीत. म्हणजे बेकरला आयता, एकमेकांच्या सवयी माहीत असलेला चालता बँड मिळाला. आणि ओळख तरी नवी कुठे होती? त्याची मुळं १९५५च्या पॅरिसमधे आहेत. तेव्हा बेकर अमेरिकेहून स्वतःची चौकडी घेऊन आला होता, पियानोवर डिक ट्वार्डझिक, वय २४, अतिशय वेगळ्या डोक्याचा वादक. तो २१ ऑक्टोबरला पॅरिसमधे हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. लेखात हा प्रसंग आहे, चांगला रंगवलाय, पण त्यानंतर काय झालं ते नाही. त्यानंतर दौरा संपला नाही, बेकर युरोपातच राहिला आणि पॅरिसमधल्या वादकांबरोबर त्याने एकामागून एक सेशन्स केली, त्यात जास्पारही होता आणि केर्सेंही. म्हणजे सहा वर्षांपूर्वी बँड विस्कटला तेव्हा ज्यांनी हात दिला त्यातलेच दोघे तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा शेजारी उभे. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

तुरुंगाचा उल्लेख आलाच आहे तर तेही थोडक्यात. १९६०च्या उन्हाळ्यात टस्कनीतल्या लुक्का इथे अटक, पुढच्या वर्षी खटला, आणि १९६१च्या डिसेंबरात सुटका. लेखात म्हटलंय की ‘तुरुंगाने त्याचं वादन मोडलं’. हे वाचून मी खरंच हसलो. सुटल्यावर महिन्याभरात रेकॉर्ड झालेला हा अल्बम लावा आणि पहिलाच ट्रॅक ऐका, थेलोनियस मंकची ‘वेल यू नीडन्ट’. मोडलेला माणूस असा सुरू होत नाही. सूर ठाम, प्रत्येक सुराची सुरुवात नेमकी, लय पुढे रेटणारी, आणि त्याच्या १९५३-५४च्या कॅलिफोर्नियातल्या रेकॉर्ड्सपेक्षा आवाज कितीतरी भरीव. त्या जुन्या रेकॉर्ड्सवर तो कधीकधी सुरांवरून अलगद घसरत जातो, इथे पाय रोवून उभा आहे.

इथेच त्या ‘कूल’ शब्दाची पण जरा झाडाझडती घ्यायला हवी. लेखात कूल जॅझ म्हणजे हळुवार, थंड, मेणबत्तीच्या उजेडातलं काहीतरी असं चित्र आहे. बेकर कूल होता म्हणजे काय, तर तो ट्रम्पेटच्या मधल्या पट्टीत राहायचा, वर जाऊन किंचाळायचा नाही, सुराला कंप फारसा द्यायचा नाही, आणि मोजकं वाजवायचा. एवढंच. त्याचा अर्थ त्याला वेग झेपत नव्हता असा होत नाही. या अल्बमवरची निवड बघा ना. मंक आहे, चार्ली पार्करचं ‘बार्बाडोस’ आहे, ऑस्कर पेटिफोर्डचं ‘ब्लूज इन द क्लॉझेट’ आहे, आणि सॉनी रॉलिन्सचं ‘पेंट-अप हाउस’ आहे. हे सगळं बीबॉप आणि हार्ड बॉप या वेगवान, जोरकस जॅझवाल्यांचं साहित्य आहे, न्यूयॉर्कच्या माणसांचं. त्यातलं ‘पेंट-अप हाउस’ तर रॉलिन्सने १९५६ मध्ये क्लिफर्ड ब्राउनला घेऊन रेकॉर्ड केलेलं, आणि क्लिफर्ड ब्राउन म्हणजे त्या पिढीतला सगळ्यात तेजतर्रार ट्रम्पेटवाला. ते गाणं पुन्हा वाजवणं म्हणजे सरळसरळ तुलना ओढवून घेणं. बेकरने ती घेतली, ब्राउनसारखं वाजवायच्या फंदात न पडता घेतली, आणि मागे युमेर असा काही पेटलेला आहे की थंड वगैरे म्हणायची सोयच उरत नाही.

बरं, दोन हळुवार गाणीही आहेतच. ‘दीज फूलिश थिंग्ज’ आणि ‘ओव्हर द रेनबो’. दुसरं तर जेमतेम साडेतीन मिनिटांचं. ज्यांना मेणबत्तीवाला बेकर हवाय त्यांनी तिथे थांबावं, माझी काही हरकत नाही, मी पण थांबतोच. पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो तोम्मासीने लिहिलेला ‘बल्लाता इन फोर्मा दि ब्लूज’. चांगला लांब ट्रॅक आहे, घाई कुणालाच नाही, प्रत्येकाला बोलायला भरपूर जागा. अमेरिकन माणसाच्या नावाने निघालेल्या अल्बमवर बँडमधल्या २६ वर्षांच्या इटालियन पियानिस्टची रचना घेतली जाते, आणि तीही एका कोपऱ्यात दोन मिनिटं उरकलेली नाही, यावरून त्या खोलीत कोणाचं काय स्थान होतं ते कळतं. नुसत्या भाड्याच्या साथीदाराची चीज कोण कशाला घेईल?

आता जरा कारागिरीबद्दल, कारण आपल्याकडे जॅझवर लिहिताना हा भाग नेहमी गाळला जातो. एकाच बँडमधे पियानो आणि गिटार दोन्ही असणं ही तशी डोकेदुखी असते. दोघेही कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ) देणारे, दोघांची पट्टी साधारण तीच, दोघे एकदम भरायला लागले की खाली नुसता चिखल होतो आणि सोलो वाजवणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. या अल्बमवर तोमा आणि तोम्मासी ज्या समजूतदारपणे एकमेकांना वाट देतात ते मुद्दाम लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. कधी एकजण पार गप्प, कधी गिटार कॉर्ड्स सोडून सरळ तिसऱ्या फुंकवाद्यासारखी ओळीत येते. आणि बेकरसारख्या माणसाला हे फारच मानवणारं, कारण त्याची सुरुवातच १९५२ मध्ये जेरी मलिगनच्या बिनपियानोच्या चौकडीत झालेली, मोकळ्या जागेत वाजवायची त्याला सवय होती. त्याच्या सोलोमधे जो गाण्याचा गुण आहे, म्हणजे ऐकताना वाटतं की हे आधी लिहून ठेवलेलं गाणंच आहे, तो गर्दीत मरतो. इथे गर्दी नाही. ही पाच जणांची कमाई आहे, एकट्या बेकरची नाही, आणि माझं सगळं भांडण एवढ्यासाठीच आहे.

आपल्याकडे मैफलीच्या बातमीत तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्यावर कोण हे छापल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. तेच पेपर जॅझच्या अल्बमबद्दल लिहिताना एका माणसाचं नाव घेऊन मोकळे होतात. जॅझमधे तर साथीला आणि मुख्य अशी भिंतच नसते, सोलो सगळे घेतात, आणि सोलो वाजत असताना मागचे लोक क्षणाक्षणाला त्याची दिशा बदलत असतात.

वेगवेगळ्या देशांच्या या माणसांच्या भाषेचं काय, असा प्रश्न कुणाला पडेल. पडायचं कारण नाही. ब्लूज बारा मात्रांच्या, सॉरी, बारा बारचा (बार म्हणजे सहसा चार मात्रांचा तुकडा) असतो हे लिएजमधेही माहीत आणि बेकरच्या ओक्लाहोमामधेही. ‘बार्बाडोस’ आणि ‘ब्लूज इन द क्लॉझेट’ दोन्ही ब्लूजच आहेत, पट्टी सांगितली, लय दिली की झालं. बाकीची गाणी त्या पिढीच्या प्रत्येक जॅझवाल्याला पाठ असायची. बेकर तर कागदावरची नोटेशन वाचण्यात कच्चाच होता, त्याचं सगळं कानावर चालायचं, आणि शिवाय इटालियन तो बऱ्यापैकी बोलायचा.

इटलीबद्दल बोलतोय तर १९५९चा मिलानमधला अल्बमही सांगायला हवा. ‘चेट बेकर इन मिलान’. जान्नी बास्सो टेनरवर, ग्लाउको मासेत्ती आल्टो सॅक्सोफोनवर, रेनातो सेल्लानी पियानोवर, आणि बासवर फ्रांको चेर्री, जो खरं तर इटलीतला मोठा गिटारिस्ट. चांगलाच अल्बम आहे, रोमएवढा नाही. बास्सो मात्र जिथे जिथे येतो तिथे मजा आणतो. त्याच वर्षी पन्नास इटालियन तंतुवाद्यवाल्यांबरोबरही एक रेकॉर्ड झाली, ती ज्याला आवडते त्याला आवडो, माझ्यासाठी साखर जरा जास्त आहे.

आणि १९६२ मधेच आरसीएनेच त्याच्याकडून चार गाणी इटालियनमधे गाऊन घेतली, त्यांचं ऑर्केस्ट्रा ॲरेंजमेंट कुणाचं तर एन्निओ मॉरिकोनेचं! तेव्हा तो आरसीएसाठी पॉप गाण्यांची ॲरेंजमेंट करणारा तरुण माणूस होता, काउबॉयपटांचं संगीत देऊन जगप्रसिद्ध व्हायला अजून दोनेक वर्षं होती. मॉरिकोने स्वतः शिकलेला ट्रम्पेटवादक, वडीलही ट्रम्पेटवाले. या चार गाण्यांतलं ‘चेटीज ललबाय’ हे बेकरने आपल्या मुलासाठी केलेलं. गाणी म्हणून विचाराल तर जरा विचित्र प्रकार आहे, साठच्या दशकातला इटालियन पॉप थाट, मागे कोरस वगैरे, आणि त्यात बेकरचा तो झोपेतून उठल्यासारखा आवाज. पण ऐकायला गंमत येते. तुमच्या लेखात मॉरिकोनेचं नाव आलं असतं तर जॅझ न ऐकणारे चार वाचकही त्या पानावर थांबले असते, हे आपलं व्यावहारिक म्हणून सांगतो.

सगळंच सोनं होतं असं माझं म्हणणं अजिबात नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर बेकर बहुतेक युरोपातच राहिला आणि इतक्या कंपन्यांसाठी इतकं रेकॉर्ड केलं की त्यातलं बरंच काही न निघतं तरी चाललं असतं. रोख पैसे मिळाले की कुठेही वाजवायला तयार, क्लबातल्या साध्या टेपवर कुणीतरी घेतलेली रेकॉर्डिंग्ज, कधी तो धड उभा नाही, कधी पियानोच बेसूर. ‘पोटापुरती’ हा शब्द त्यातल्या काहींना लागू पडतो, मान्य. पण लेखकाने सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंय.

कारण त्याच काळात त्याने जे सगळ्यात उत्तम काम केलं तेही युरोपियन वादकांबरोबरच. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात मारहाण होऊन त्याचे दात गेले, ट्रम्पेटवाल्याचे दात जाणं म्हणजे ओठांखालचा पायाच जाणं, कवळी लावून पुन्हा सूर बसवायला त्याला वर्षं लागली. त्यानंतर त्याला मागे दणदणीत ड्रम्स नको झाले असावेत असं त्याच्या रेकॉर्ड्सवरून वाटतं, निदान त्याचं उत्तम वादन तरी ड्रम्सशिवायचं आहे. १९७९ मध्ये कोपनहेगनला ‘स्टीपलचेस’ या डॅनिश कंपनीसाठी ‘द टच ऑफ युअर लिप्स’ केला, फक्त तिघं, ट्रम्पेट, गिटार, बास. बासवर निल्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन, ज्याला ऑस्कर पीटरसनसारख्या बड्या पियानिस्टने आपल्या बँडमधे ठेवलेलं, आणि गिटारवर डग रेनी, म्हणजे ज्या जिमी रेनीला ऐकून रने तोमा बदलला त्या जिमीचाच मुलगा, कोपनहेगनमधे स्थायिक झालेला. पेडरसनचा बास ऐकला की ड्रमरची आठवणही येत नाही, लय इतकी पक्की. मग १९८५चा ‘चेट्स चॉइस’, नेदरलंड्समधे रेकॉर्ड झालेला, गिटारवर फिलिप कातरीन आणि बासवर जाँ-लुई रासँफोस, दोघेही पुन्हा बेल्जियन. बघा, एवढासा देश आणि बेकरच्या आयुष्यात फिरून फिरून तिथलीच माणसं. (सॅक्सोफोन बनवणारा आडोल्फ साक्सही बेल्जियनच होता म्हणा.) या अल्बमवर बेकर ५५ वर्षांचा आहे, आवाज फाटायला आलेला, चेहऱ्याबद्दल तर तुमच्या लेखात फोटोसकट आलंच आहे, पण वादन इतकं मोकळं की १९६२च्या अल्बमच्या खालोखाल मी हाच सुचवीन.

आणि हे फक्त बेकरचं प्रकरण नाही. माइल्स डेव्हिस १९५७च्या डिसेंबरात पॅरिसला आला आणि फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या सिनेमासाठी एका रात्रीत संगीत रेकॉर्ड केलं, पडद्यावर दृश्यं बघत बघत, हाताशी जुजबी आखणी. ड्रम्सवर केनी क्लार्क अमेरिकन, बाकी तिघे फ्रेंच, पियानोवर रने उर्त्रेजे, बासवर पियेर मिशलो, आणि टेनरवर बार्ने विलेन, वय २०! नंतर माइल्स ज्या संथ, मोजक्या कॉर्ड्सच्या वाटेने गेला तिची चाहूल त्या रात्रीत ऐकू येते. तिथेही लिहिणारे माइल्सचं नाव घेतात आणि विलेनला विसरतात. गंमत म्हणजे त्याच वर्षी शरद ऋतूत न्यूयॉर्कमधे माइल्सच्या बँडमधे जास्पार होता.

युरोपात त्या काळात जॅझवाल्यांना उभं करणारी दुसरी गोष्ट म्हणजे तिथले सार्वजनिक रेडिओ. स्वतःचे पगारी बिग बँड, ऑर्केस्ट्रे, चांगले स्टुडिओ, आणि बाहेरून आलेल्या सोलो वादकासाठी अख्खा कार्यक्रम रचायची तयारी. बेकरची शेवटची मोठी मैफल २८ एप्रिल १९८८ची, जर्मनीतल्या हानोवरमधे, मागे तिथल्या एनडीआर या सार्वजनिक रेडिओचा बिग बँड आणि हानोवरचा रेडिओ ऑर्केस्ट्रा. १३ मेला तो गेला. लेखात १३ मे वर पाव पान आहे आणि २८ एप्रिलचा उल्लेखसुद्धा नाही, जेव्हा की रेकॉर्डिंग मिळतं, कुणालाही ऐकता येतं. पंधरा दिवसांनी खिडकीतून पडणार असलेला माणूस भल्यामोठ्या ऑर्केस्ट्रासमोर काय वाजवतो हे सांगायला जास्त कष्ट पडतात, खिडकीबद्दल लिहायला कमी. एवढाच फरक असावा.

तर संपादकसाहेब, मागणं एवढंच. पुढच्या वेळी अशा कलाकारावर पान द्याल तेव्हा कोपऱ्यात छोटीशी चौकट टाका, तीन-चार अल्बम, रेकॉर्डिंगचं साल, शहर, आणि कोण काय वाजवतंय ते. ऑनलाइन ऐकणाऱ्यांची तर फारच सोय होईल, कारण तिथल्या ॲपवर नुसतं बेकरचं थोबाड दिसतं आणि बाकीची माहिती शोधता शोधता जीव जातो. रोमचा अल्बम शोधताना ‘चेट इज बॅक’ सापडला नाही तर ‘द इटालियन सेशन्स’ या नावाने शोधा, नंतर त्याच नावाने तो पुन्हा निघाला होता. आणि जॅझवरच्या पुढच्या लेखासाठी विषय हवा असेल तर बॉबी जास्पार घ्या, १९२६चा जन्म म्हणजे शताब्दीचं निमित्तही आयतं आहे. लेख लिहायला कुणी मिळालं नाही तर मी आहे, आणि तुरुंग, खिडकी वगैरे काही घालणार नाही असं आत्ताच लिहून देतो.

कळावे,
आपला एक नियमित वाचक